दाखल्यावर जात जाते, मूल मात्र मागेच राहते

शाळा सोडल्याचा दाखला हा कागद आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. जात प्रमाणपत्र काढायचे असो की वैधतेसाठी आजोबांच्या शाळेतला पुरावा शोधायचा असो, या कागदामागे आपण किती धावलो आहोत हे प्रत्येक घराला माहीत आहे. त्या दाखल्यावर काय काय असते ते आठवा. नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मतारीख, आधीची शाळा, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा व्यवस्था त्याच्याबद्दल एवढेच पुढे पाठवते. मुलाची जात नव्या शाळेत बिनचूक पोहोचते. मूल पोहोचले का, हे कोणी विचारत नाही.

आज आम्ही ज्या मुलांबद्दल लिहीत आहोत, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न जीवघेणा आहे. ही मुले स्वमग्न आहेत, म्हणजे ऑटिझम असलेली आहेत. आमचे म्हणणे थेट आहे. वस्तीतल्या स्वमग्न मुलाचे शिक्षण वर्गात जितके तुटते, त्याहून जास्त ते दोन शाळांच्या मधल्या फटीत तुटते. ती फट बुजवण्याची जबाबदारी सरकारने पालकांच्या खिशावर टाकली आहे. ज्याचा खिसा भरलेला त्याचे मूल पुढे जाते, ज्याचा रिकामा त्याचे मूल घरी बसते. म्हणून हा दयेचा किंवा आरोग्य शिबिराचा विषय नाही. हा शिक्षणहक्काचा, म्हणजे आपल्या चळवळीच्या मुळाचा विषय आहे.

शाळा बदलते तेव्हा काय काय बदलते?

ऑटिझम हा रोग नाही. तो जन्मापासूनचा मेंदूच्या घडणीतला फरक आहे. अशी काही मुले बोलत नाहीत, काही भरपूर बोलतात पण समोरच्याचा रोख त्यांना कळत नाही. कोणाला घंटेचा आवाज सहन होत नाही, कोणाला गर्दीतला स्पर्श. बहुतेकांना एक गोष्ट फार जड जाते, ती म्हणजे अचानक झालेला बदल. काय होणार हे आधी ठाऊक असेल तर जे मूल शांत बसते, तेच मूल ठाऊक नसेल तर कान झाकून वर्गाबाहेर पळते.

आता आपल्या गावाकडे पाहा. अंगणवाडीतून पहिलीत, चौथी-पाचवीनंतर किंवा सातवीनंतर दुसऱ्या गावच्या हायस्कूलला, दहावीनंतर ज्युनियर कॉलेजला. प्रत्येक टप्प्यावर सगळेच्या सगळे बदलते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसभर एकच बाई असतात. मूल पाण्याकडे बोट दाखवते म्हणजे त्याला काय हवे, हे त्यांना चार वर्षांत कळलेले असते. हायस्कूलला दर तासाला घंटा, दर तासाला नवे सर, शेकडो मुले, नवी एसटी, नवे शौचालय. चार वर्षांत बाईंना जे कळले होते ते मे महिन्याच्या सुट्टीत हवेत विरते. जूनमध्ये नव्या शाळेच्या हाती येतो तो दाखला, आणि त्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात मूल वर्गातून पळते. दुसऱ्या आठवड्यात आईला बोलावणे येते. आई धुणीभांडी करणारी किंवा झाडूकाम करणारी, प्रत्येक बोलावण्याला एक खाडा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मुख्याध्यापक समजुतीच्या सुरात सांगतात, “याला घरीच ठेवा, परीक्षेपुरता आणा.” मूल नववी-दहावीच्या वयाचे असेल तर “१७ नंबरचा फॉर्म भरा.” मूल घरी आणि नाव पटावर. कागदावर शाळा सुटलेली नसते, म्हणून हे मूल शाळाबाह्यही ठरत नाही. हाकलले, पण हाकलल्याची नोंद नाही.

प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले का?

हा प्रश्न आपल्याला कोणी शिकवायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजीचे नाव दाखल झाले. आज महाराष्ट्र तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. पण त्या शाळेत त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडला नाही तर दिवसभर तहानलेले राहावे लागे. प्रवेश होता, जागा नव्हती. पटावर नाव होते, पाणी नव्हते.

अस्पृश्यता आणि ऑटिझम एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. एक समाजाने लादलेला अन्याय आहे, दुसरी माणसाच्या असण्याची एक तऱ्हा आहे. पण शाळा दोघांनाही एकाच पद्धतीने बाहेर ठेवते. दार उघडायचे, आत काहीच बदलायचे नाही, आणि मूल टिकले नाही की दोष मुलाचा.

बाबासाहेबांनी ही चलाखी ओळखली होती. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले ते कशासाठी? गावात चार इयत्ता शिकलेला मुलगा शहरातल्या हायस्कूलपाशी येऊन अडत होता. राहायला खोली नाही, जेवायला खाणावळ नाही, ओळखीचे माणूस नाही. त्याच्याआधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे केले तेही याच कारणाने. आपली वसतिगृहांची चळवळ म्हणजे दोन शाळांमधली फट बुजवण्याची चळवळ होती. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरले. विद्यार्थ्याला वेळापत्रकात कोंबण्याऐवजी वेळापत्रक विद्यार्थ्यासाठी वाकवले. आजचे कायदे यालाच ‘वाजवी सोयीसुविधा’ म्हणतात. आपल्या माणसांनी ते शब्द येण्याआधी करून दाखवले होते.

निदान कोणाला मिळते, शेरा कोणाला मिळतो?

मुंबई-पुण्याच्या उच्चभ्रू सोसायटीतले मूल तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नाही तर त्याला तज्ज्ञाकडे नेतात. निदान होते, थेरपी सुरू होते, शाळेत त्याच्यासोबत बसायला शॅडो टीचर ठेवतात. शाळा बदलायची वेळ आली की आई-वडील, थेरपिस्ट आणि नव्या शाळेचे समुपदेशक बैठक घेतात. मूल जूनच्या आधी दोन-तीनदा नवी शाळा पाहून येते. हे चांगलेच आहे. प्रत्येक मुलाला असेच मिळायला हवे. पण आज तो बाजारात विकत घ्यायचा माल आहे, महिन्याला हजारो रुपये मोजून.

वस्तीतले मूल तीन वर्षांचे होऊन बोलले नाही तर त्याला काय मिळते? “घरचे वातावरणच तसे.” “आईबाप लक्ष देत नाहीत.” “यांच्यात संस्कारच नाहीत.” तेच कान झाकणे, तेच पळणे, तेच न बोलणे. एकाच्या फायलीत ते लक्षण म्हणून लिहिले जाते, दुसऱ्याच्या दाखल्यावर वर्तणूक म्हणून. जातीचा चष्मा निदानाच्या आधीच डोळ्यांवर चढलेला असतो.

त्यात आपल्याच घराघरांतला एक जुना विषाणू भर घालतो, “मागच्या जन्मीचे पाप.” बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हे वाक्य कानावर येते. मागच्या जन्मीच्या कर्माने माणूस या जन्मी हीन ठरतो, हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारला आहे. ज्या तर्काने आपल्याला अस्पृश्य ठरवले, तोच तर्क आपण आपल्या लेकराला लावायचा नाही. विहारातल्या दर रविवारच्या वंदनेनंतर हे मोठ्याने सांगितले गेले पाहिजे.

कायदा काय म्हणतो आणि सरकार काय करते?

कायदा नाही अशी सबब कोणी सांगू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे, त्यात ऑटिझम आहे. कलम १६ नुसार शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची, त्याच्या सहभागावर आणि प्रगतीवर लक्ष ठेवायचे. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. शिक्षणहक्क कायदा २००९ आठवीला संपतो. या मुलांचा हक्क तिथे संपत नाही. नववीला “आता फी भरा” म्हणणाऱ्या शाळेला हे कलम दाखवा. शिक्षणहक्क कायद्याचे कलम ५ दाखला ताबडतोब द्यायला सांगते आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायला मनाई करते. कलम १३ प्रवेशाच्या वेळी मुलाची चाळणी करायला मनाई करते.

मग अंमलबजावणी? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांची पदे आणि प्रमाण निश्चित करायला सांगितले. २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. तरीही मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की पदे मंजूर करा आणि भरा. महाराष्ट्रात विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे कंत्राटावर काम केले. एका माणसाच्या वाट्याला कितीतरी शाळा. ज्याची स्वतःची नोकरी मार्चनंतर राहील की नाही हे ठाऊक नाही, तो मुलाचा जूनचा आराखडा कसा करणार?

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरले आहेत. दिवसाला दहा रुपयेही नाहीत. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला आणि देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेतली. त्याच सरकारने २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. वाडीवरची शाळा बंद झाली की स्वमग्न मुलाच्या आयुष्यात आणखी एक शाळाबदल येतो, तोही न विचारता, न सांगता. एका हाताने विभाग काढायचा आणि दुसऱ्या हाताने शाळा, याला कल्याण म्हणत नाहीत.

आणि प्रमाणपत्र! ऑटिझम मोजायला ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी आहे, ती करायला प्रशिक्षित माणूस लागतो. तालुक्याला तो नाही, म्हणून जिल्ह्याला खेपा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि वर युडीआयडी कार्ड. आपल्या मुलाला दोनदा सिद्ध करावे लागते, एकदा तो कोणत्या जातीचा आहे हे आणि एकदा तो कसा आहे हे.

“आधी जातीचा प्रश्न सोडवू” म्हणणाऱ्या साथींना

काही साथी म्हणतात, अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्ती अडकली आहे, आरक्षण पोखरले जात आहे, अशा वेळी हा विषय कशाला? आम्ही उलट विचारतो, दलित घरातले स्वमग्न मूल शाळेबाहेर फेकले जाते तेव्हा तो जातीचा प्रश्न नसतो का? दिव्यांगांना उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. आपली मुले पाचवीतच गळाली तर त्या जागांवर कोण बसणार? पैसेवाल्यांची मुले. आरक्षणाची लढाई पदवीच्या दारात सुरू होत नाही, ती चौथीतून पाचवीत जाताना सुरू होते.

अमेरिकेकडेही पाहा. १९५४ मध्ये काळ्या मुलांनी ब्राऊन खटला जिंकला. वेगळी शाळा म्हणजे विषम शाळा, हे तत्त्व त्या निकालाने मांडले. १९७२ मध्ये, म्हणजे इकडे दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांच्या संघटनेने पेन्सिल्व्हेनियात त्याच समतेच्या तत्त्वावर आपल्या मुलांसाठी सार्वजनिक शाळेचे दार उघडून घेतले. १९७५ मध्ये देशभराचा कायदा आला. आज तिथे प्रत्येक पात्र मुलाचा लेखी शैक्षणिक आराखडा असतो. तो पालक आणि शिक्षकांनी एकत्र बसून करायचा असतो, आणि वयाच्या १६ व्या वर्षापासून त्यात शाळेनंतरच्या आयुष्याची योजना घालणे बंधनकारक आहे. दिव्यांग मुलांचा हक्क वंशभेदविरोधी लढ्याच्या खांद्यावर उभा राहिला. आपल्याकडे तो जातिअंताच्या लढ्याच्या खांद्यावर उभा राहू शकतो. त्याला खांदा आपण देणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मग करायचे काय?

सगळ्यात आधी एक टेबल. त्याभोवती पाच जण, आई किंवा वडील, जुन्या शाळेच्या बाई, नव्या शाळेचे वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि स्वतः मूल. मूल बोलत नसेल तरी ते तिथे असावे. बैठक मे महिन्यात घेऊन उपयोग नाही, ती जानेवारी-फेब्रुवारीत व्हावी. त्या टेबलावर काय ठरवायचे?

एक, मुलाचे एक पान. त्याला काय आवडते, काय सहन होत नाही, पाणी किंवा शौचालय हवे हे तो कसे सांगतो, घाबरला तर कशाने शांत होतो. आजाराचे नाव नाही, उपयोगाची माहिती. हे पान पालकांच्या मालकीचे. कोणाला दाखवायचे ते पालक ठरवतील. ज्या समाजाची जात दाखल्यावरून त्याच्या आधी वर्गात पोहोचते, त्याला माहितीची मालकी कोणाकडे आहे याचे मोल चांगलेच कळते. शाळेने हे पान मुलाला नाकारण्यासाठी वापरले तर तो भेदभाव आहे आणि त्याची तक्रार झालीच पाहिजे.

दोन, नव्या शाळेच्या भेटी. आधी शाळा रिकामी असताना, मग मुले असताना. फाटक, वर्ग, नळ, शौचालय, मधल्या सुट्टीची जागा यांचे मोबाइलवर फोटो काढून मुलाला सुट्टीभर दाखवायचे. खर्च शून्य.

तीन, एक ठरलेले मोठे माणूस. गोंधळ झाला तर मुलाने कोणाकडे जायचे, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेले असावे. ते सर असोत, लिपिक असोत की शिपाई मावशी.

चार, पहिले दोन महिने दर पंधरवड्याला त्याच टेबलाभोवती पुन्हा बैठक. जुन्या बाईंना फोन करायला नव्या सरांना कमीपणा वाटता कामा नये.

यातले बहुतेक काम पैशाशिवाय होते. जे पैशाशिवाय होत नाही ते सरकारकडून वसूल करायचे आहे. म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

१. स्वमग्न आणि विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलाच्या शाळाबदलाचा लेखी आराखडा शासन निर्णयाने बंधनकारक करा आणि त्याची जबाबदारी दोन्ही मुख्याध्यापकांवर टाका.

२. ठरलेल्या प्रमाणात विशेष शिक्षकांची कायम पदे भरा, आरक्षणाच्या बिंदुनामावलीसह.

३. बैठकीला येणाऱ्या मजूर पालकाला त्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे द्या.

४. दिव्यांगत्व तपासणी आणि प्रमाणपत्राची शिबिरे तालुक्याला, ठरलेल्या तारखांना घ्या.

५. विशेष गरजा असलेले एकही मूल ज्या शाळेत आहे ती शाळा या आराखड्याशिवाय बंद करू नका.

आणि कार्यकर्त्यांसाठी? शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. त्या समितीत आपल्या वस्तीतल्या आया बसल्या पाहिजेत, नुसत्या सहीपुरत्या नाही, तर बोलायला. प्रत्येक विहारात एका वहीत नोंद ठेवा, आपल्या वस्तीतले कोणते मूल यंदा शाळा बदलणार आहे आणि त्यातल्या कोणाला वेगळा आधार लागेल. माहितीचा अधिकार वापरून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून तालुक्यात किती विशेष शिक्षक आहेत ते मागवा. शाळा नकार देत असेल तर तो लेखी मागा. लेखी नकार द्यायला कोणी धजत नाही. तरीही ऐकले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. मुलाचा जाहीर अपमान झाला तर २०१६ च्या कायद्याचे कलम ९२ आहे, सहा महिने ते पाच वर्षे तुरुंगवासाचे. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. ती आपल्या किती घरांत पोहोचली आहे ते विचारा.

२ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागरूकता दिवस असतो, जगभर इमारतींवर निळे दिवे लागतात. बारा दिवसांनी आपण निळे झेंडे घेऊन रस्त्यावर उतरतो. या दोन तारखांच्या आसपासच शाळांचे निकाल, दाखले आणि नवे प्रवेश चालू असतात. यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा. त्या पैशात तालुक्यातली अशी पाच मुले आणि त्यांच्या आया नवी शाळा पाहून येतील, आणि मिरवणुकीचा तो एक तास आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठीही शांत जाईल.

‘शिका’ हा आदेश निवडक मुलांना दिलेला नव्हता. जे मूल बोलत नाही, डोळ्यांत डोळे घालून पाहत नाही, घंटा वाजली की कान झाकते, तो आदेश त्याच्यासाठीही आहे. त्याला शिकता यावे म्हणून संघटित होणे आणि संघर्ष करणे हे आपले काम आहे. जूनची वाट पाहू नका. जानेवारीत टेबल मांडा.

जय भीम!